लाकडी घाण्याचं तेल नऊ महिने वापरल्यावर: करडई खवटली, तीळ टिकला

गेल्या दिवाळीआधी घरातलं रिफाइंड बंद केलं आणि लाकडी घाण्याचं तेल आणायला सुरुवात केली. शेंगदाण्याचं पाच लिटर, करडईचं पाच लिटर आणि तिळाचं एक लिटर. आता श्रावण चालू आहे, म्हणजे नऊ महिने झाले. चवीबद्दल सगळेच लिहितात. मला ते किती टिकतं यावर लिहायचंय, कारण दुकानात पहिला प्रश्न मी तोच विचारला होता. "काही होत नाही ताई, वर्षभर ठेवा," असं उत्तर मिळालं. करडईच्या बाबतीत ते साफ चुकीचं निघालं.

आम्ही सोलापूरचे. भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि तिच्यावर कच्चं तेल, हे आमचं रोजचं जेवण. फोडणीत हिंग-मोहरीच्या वासाखाली तेलाचं पुष्कळ काही झाकलं जातं, कच्च्या तेलात मात्र खवटपणा लपत नाही. होळीच्या सुमारास मुलाने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सरकवलं. "आई, भिंतीच्या रंगासारखा वास येतोय." मी तेल तळहातावर चोळून हुंगलं. खरंच तसाच वास होता.

मग किटली नीट बघितली. चोचीच्या कडेला मधासारखा पिवळा, चिकट थर जमला होता. घासणीने निघेना, शेवटी नखाने खरवडला. मुलाला रंगाची आठवण झाली त्यात नवल नाही. करडई आणि जवस ही हवेत पातळ थर सुकून घट्ट होणारी तेलं आहेत, म्हणून ती रंग-वार्निशातही वापरतात. तेल ज्या आम्लांचं बनलेलं असतं त्यातलं लिनोलेइक आम्ल करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के असतं. शेंगदाण्यात जास्त असतं ते ओलेइक, आणि त्याच्यापेक्षा लिनोलेइकवर हवेतल्या ऑक्सिजनचा मारा दसपटीच्या आसपास वेगाने चालतो.

करडईत राखणदार नसतो असं मात्र नाही. तिच्यात व्हिटॅमिन ई, म्हणजे टोकोफेरॉल, चांगलं असतं. तेल बिघडतं ते साखळीने: एक रेणू बिघडला की तो शेजारच्याचा हायड्रोजन ओढतो, तो पुढच्याचा. टोकोफेरॉल मध्ये पडून स्वतःचा हायड्रोजन देतं आणि साखळी तुटते. पण यात ते स्वतः खर्ची पडतं. म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे तेलाला काहीच होत नाही असं वाटतं, आणि साठा संपला की आठवड्याभरात वास उठतो. माझ्याकडे अगदी असंच झालं. शिवरात्रीला तेल ठीक होतं.

चूक माझीही होती. किटली रिकामी व्हायच्या आतच मी डब्यातलं तेल वर ओतत राहिले. तळाच्या जुन्या तेलात बिघाड आधीच सुरू झालेला होता. नव्या तेलात तो कालवला गेला, आणि नव्यातलं टोकोफेरॉल जुन्याचा बिघाड निस्तरण्यातच संपलं. दुधाला विरजण लावावं तसं मी खवटपणाचं विरजण लावत होते.

उजेडाचंही करून पाहिलं. चैत्रात नवं करडई तेल दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत भरलं. एक खिडकीत ठेवली, एक फडताळात फडक्यात गुंडाळून. खिडकीतली तीन आठवड्यांत खवटली, फडताळातली भर उन्हाळ्यातही सव्वादोन महिने चांगली राहिली. न शुद्ध केलेल्या तेलात थोडं हरितद्रव्य उरतं, ते उजेडात ऑक्सिजनला आणखी आक्रमक करतं. आणि बऱ्याच घाण्यांवर पारदर्शक बाटल्या दुकानाच्या तोंडाशी, उन्हात मांडलेल्या असतात! मी आता मागच्या बाजूच्या स्टीलच्या पिंपातलंच मागते.

तिळाच्या तेलाने मात्र मन जिंकलं. त्यातही लिनोलेइक ४० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ते लवकर बिघडायला हवं. पण तिळात सेसॅमिन आणि सेसॅमोलिन ही राखणदार द्रव्यं आहेत. तीळ भाजले किंवा तेल तापवलं की सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल तयार होतं, आणि ते फार जोरकस राखण करतं. वैशाखात कैरीच्या लोणच्यावर हेच तेल तापवून, गार करून ओतलं. वर बोटभर थर आहे, तीन महिने झाले, बरणी उघडली की फक्त मेथी-हिंगाचा वास येतो. दिवाळीतल्या त्या लिटरमधलं वाटीभर तेल अजून शिल्लक आहे, तेही चांगलं आहे.

यावरून आईचं तूप आठवलं. लोणी कढत आलं की ती त्यात विड्याचं पान टाकायची. मला ते वासासाठी वाटायचं. पानात युजेनॉलच्या जातीची फिनॉलं नावाची द्रव्यं असतात आणि ती तुपालाही खवट होऊ देत नाहीत. तिने हे कुठे वाचलं नव्हतं, पण तिचं तूप मात्र महिनोन्‌महिने टिकायचं.

शेंगदाणा तेल मधलं. सुरुवातीला गढूळ येतं, कारण घाण्यात दाणे घालताना पाण्याचा हबका मारतात. चार दिवस निवळू द्यायचं, गाळ मागे ठेवून वरचं काढून घ्यायचं. ओलावा राहिला तर वेगळीच कुबट चव येते. निवळलेलं तेल आमच्याकडे तीन महिने निर्धास्त गेलं.

रिफाइंडला नावं ठेवणार नाही. शुद्ध करताना वास काढायला २०० अंशांच्या वर वाफ देतात, त्यात टोकोफेरॉलचा काही भाग निघून जातो. काही कंपन्या मग टीबीएचक्यू हे खवटपणा रोखणारं रसायन घालतात. पिशवीवर ३१९ हा आकडा असेल तर ते आहे, आणि आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. मला ते विष वाटत नाही. पण तिळात जे आपसूक आलंय, ते मला जास्त आवडतं.

आता करडई एका वेळी एकच लिटर आणते, गाळल्याची तारीख विचारून. जवस पाव लिटर, थेट फ्रिजमध्ये. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल ठेवणं बंद, कारण तांब्याने बिघाड झपाट्याने वाढतो. किटल्या दोन केल्यात. एक वापरात असते, दुसरी गरम पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण कोरडी होईपर्यंत पालथी. यंदाच्या फराळासाठी तिळाचं तीन लिटर सांगून ठेवलंय, भाजलेल्या तिळाचं.