टॅपेट सेटिंग: दोन टप्प्यांत की नऊच्या बेरजेने?

इंजिन उतरवून बोअर, रिंगा, हेडचं काम सगळं झालं, आता फक्त टॅपेट लावायचे (म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप नेमका करायचा) राहिलेत, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचा) कसा धरायचा, लॉकनट आवळताना स्क्रू कसा धरून ठेवायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच आहे की इंजिन कसं फिरवायचं आणि कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा. माझा अनुभव जुन्या ॲम्बॅसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनावरचा आहे. पुशरॉड, वर रॉकर शाफ्ट, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. पुढून मोजलं तर आठ व्हॉल्व्हची रांग अशी: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि पुन्हा तसंच.

पहिली पद्धत दोन टप्प्यांची. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणायचा आणि 1, 2, 3, 5 हे व्हॉल्व्ह लावायचे. मग क्रँक एक पूर्ण फेरी फिरवून 4, 6, 7, 8. इंजिनाला हात दोनदाच लावायचा, काम वीस मिनिटांत उरकतं. रोज चार गाड्यांचे टॅपेट लावणाऱ्या मिस्त्रीला हीच परवडते आणि ते योग्यच आहे.

दुसरी पद्धत नऊच्या बेरजेची. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा दिसतोय त्याचा नंबर नवातून वजा करायचा, जो आकडा येईल तो व्हॉल्व्ह लावायचा. आठ उघडा असेल तर एक लावा, सहा उघडा तर तीन. उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या क्रमाने गेलात (8, 6, 4, 7, 1, 3, 5, 2) तर आठही व्हॉल्व्ह क्रँक फिरवायच्या हँडलच्या दोन फेऱ्यांत होतात. पण मध्ये आठदा थांबावं लागतं, वेळ दुप्पट लागतो. 'पूर्ण उघडा' म्हणजे नेमका किती, ही शंका सुरुवातीला येते. माझ्या मते ती सोडून द्यावी. जो व्हॉल्व्ह लावायचा त्याचा टॅपेट त्या वेळी कॅमच्या गोल पाठीवर (जिथे कॅम त्याला उचलत नाही) बसलेला असतो आणि ती पाठ भरपूर रुंद आहे. हँडल पाच-दहा अंश इकडेतिकडे झालं तरी गॅप बदलत नाही.

चालू गाडी असेल तर मी या दोन्हींत फार फरक करणार नाही. फरक पडतो तो इंजिन नुकतं बांधलेलं असताना.

टीडीसीची खूण दर दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा ओव्हरलॅपला (एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो तेव्हा). चालू गाडीत यातली कुठली खरी हे डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा, रोटर सांगतो. माझं इंजिन बांधताना डिस्ट्रिब्युटर आणि त्याचा ड्राइव्ह, दोन्ही बाहेर काढलेले होते, आणि ड्राइव्ह परत बसवताना मी अर्धी फेरी उलटा बसवला. ते मला ठाऊक नव्हतं. रोटर एक नंबरकडे बघत होता, पुलीची खूण जुळत होती. मी निःशंकपणे 1, 2, 3, 5 लावायला घेतले.

गेजची पाती चारही ठिकाणी शिरेना. इथे थांबायला हवं होतं. पण हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) करून आणलं होतं, व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीटही कटिंग केल्या होत्या. फेसिंगने हेड खाली येतं, कटिंगने व्हॉल्व्हची दांडी वर येते, म्हणजे दोन्हींमुळे गॅप कमीच होणार. त्यामुळे पाती न शिरणं मला अगदी स्वाभाविक वाटलं. मी चारही स्क्रू ढिले करत गेलो, पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती बसली, लॉकनट आवळले. उरलेले चारही तसेच चुकीच्या जागी लावले गेले.

इंजिन अर्थातच लागलं नाही, कार्बोरेटरमधून फटके देत राहिलं. संध्याकाळपर्यंत डिस्ट्रिब्युटरची चूक सापडली, ती सुधारली आणि इंजिन लागलं. पण आवाज असा की बेअरिंगच गेलं असं वाटावं. त्याच खोट्या रोटरच्या भरवशावर टॅपेटही लावले होते, हे मला दोन दिवस सुचलं नाही. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खाली घ्यायच्या बेतात होतो, तेव्हा कव्हर उघडून रॉकर हाताने हलवून पाहिले आणि कळलं. नव्या कॅमवर ते टॅपेट तेवढा वेळ आपटले याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन टप्प्यांची पद्धत तुम्हाला एका खुणेवर विश्वास ठेवायला लावते, आणि नव्याने बांधलेल्या इंजिनात नेमकी तीच खूण तपासायची राहिलेली असते. एक चुकली की आठही चुकतात. नऊच्या बेरजेत खूण, रोटर, पुली, कशाचाच संबंध नाही. उघडा व्हॉल्व्ह तुमच्या डोळ्यांसमोर दाबलेला असतो, तोच पुरावा. चुकलाच तर एखादा चुकेल, आणि पुढच्या फेरीत तो लगेच दिसेल.

कोणी म्हणेल की चार नंबरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना बघावेत, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनला आहे हे रोटरशिवायही कळतं. बरोबर आहे, आणि दोन टप्प्यांनीच जायचं असेल तर तेवढं तरी जरूर करा. पण रॉकर बघायचेच असतील तर बोनेटखाली वाकून पुलीची खूण शोधायची गरज उरत नाही, असं मला वाटतं.

नऊची बेरीज सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. व्हॉल्व्हची रांग पुढून आणि मागून सारखी असेल अशा चार सिलिंडरलाच ती लागू पडते. सरळ सहा सिलिंडरला, रांग तशीच असेल तर, बेरीज तेराची. मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरला जोडीचा हिशेबच नाही, तिथे एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनला आणूनच लावावं. मोठ्या डिझेलला फ्लायव्हीलवर पक्की खूण असते आणि मॅन्युअलमध्ये दोन टप्प्यांचा तक्ता दिलेला असतो, तिथे तोच पाळावा. गॅप गरम इंजिनावर घ्यायचा की थंड, तेही मॅन्युअलचंच ऐका.

पद्धत कुठलीही घ्या, आधी रॉकरचं टोक नखाने चाचपून पाहा. जुना रॉकर असेल तर व्हॉल्व्हच्या दांडीने तिथे खळगा पाडलेला असतो. पाती त्या खळग्याच्या काठांवर टेकते, गेज पंधरा थाऊ सांगतो आणि खरा गॅप वीस-बावीस असतो. असे रॉकर घासून सपाट करून घ्या किंवा बदला. मी माझे उद्यमनगरात घासून आणले.

बांधलेल्या इंजिनाला हे काम एकदा करून भागत नाही. पहिल्यांदा थंड असताना, मग इंजिन पहिल्यांदा तापवल्यावर, आणि हेड पुन्हा टॉर्क केल्यावर (ठरलेल्या जोराने आवळल्यावर) तिसऱ्यांदा. या इंजिनात रॉकर शाफ्टचे काही नट हेडच्याच स्टडवर असल्यामुळे हेड आवळलं की गॅप हलतोच. माझ्या गाडीत पाचशे किलोमीटरनंतर 4 आणि 5, म्हणजे मधले दोन एक्झॉस्ट, तीन-तीन थाऊने आवळलेले निघाले. कटिंग केलेली सीट थोडी बसली असावी. ते असेच आवळत जाऊन गॅप संपला असता तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला नसता आणि जळला असता. त्या दिवशी प्लग काढून, हँडल हाताने फिरवत, कागदावर आठ आकडे लिहून एकेक खोडत गेलो. पाऊण तास लागला. कव्हर बसवून इंजिन लावलं, आणि तेव्हापासून ते शिलाई मशीनसारखं एका लयीत टिकटिकतंय.