एकच पाळी परवडत असेल, तर माणूस दिवसाचा ठेवावा की रात्रीचा?

मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण घरी आला की महिन्याभरातच नर्सिंग ब्युरोचा (घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेचा) माणूस ठेवण्याचा विषय निघतो, आणि पुष्कळ घरांना बारा तासांची एकच पाळी झेपते. सहसा दिवसाची पाळी निवडली जाते, कारण अंघोळ, शौच, पलंगावरून व्हीलचेअरवर घेणे ही कामे दिवसाची. ती जड असतात. उचलता उचलता पत्नीची किंवा आईची कंबर कायमची धरते. मात्र ती बरीचशी सकाळच्या दोन-तीन तासांत आटोपतात, आणि ज्याला बसून तोल सांभाळता येतो, त्याला पलंग व खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकून सरकवता येते.

रात्रीचे तसे नाही. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याची कूस सुरुवातीला तरी दर दोन तासांनी बदलावी लागते, कारण दाब पडल्याचे त्याला जाणवत नाही आणि माकडहाडावर किंवा टाचेवर बेडसोअर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, होतो. दोन वाजता गजर होतो. चादर ओढून त्याला वळवायचे, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, लालसर जागा बोटाने दाबून पाहायची. लाली फिकी पडली नाही, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. चार वाजता पुन्हा तेच. महिनोन्‌महिने झोपमोड झालेली घरची व्यक्ती दिवसा चिडते आणि नंतर त्याच चिडण्याने मनात कुढत राहते. म्हणून माझा कौल रात्रीच्या पाळीला आहे.

यात धोका एवढाच, की माणूस नवखा असेल किंवा झोपून गेला तर कोणाला कळत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर लघवीसाठी लावलेल्या कॅथेटरची नळी अंगाखाली दुमडल्यानेही रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, घाम फुटतो; अशा वेळी त्याला बसते करून नळी मोकळी करावी आणि तरीही उतार न पडल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी, हे त्या माणसाला पहिल्याच रात्री दाखवून ठेवावे.

घरातील कर्ती व्यक्ती नोकरीला जात असेल, तर दिवसाच्या पाळीला पर्याय नाही. रुग्ण स्वतः कूस बदलू लागला असेल, तर रात्रीचा खर्च वाचवावा. आणि ठरवण्यापूर्वी त्यालाही विचारावे: शौचाचे काम पत्नीने किंवा मुलीने करावे, हे अनेकांना सहन होत नाही. तसे असेल, तर त्या कामापुरते सकाळी एखाद्या वॉर्डबॉय मामांना बोलवता येते.