अल्सासची तटबंदीची गावं, वाइनचा रस्ता आणि एक घडीचा नकाशा : वापरानंतरचा अनुभव

फ्रान्सच्या अल्सास भागातली गाडीची सहल आखायला मी दीड लाखाला एक या प्रमाणाचा घडीचा कागदी नकाशा घेतला. काही महिने तो घरात भिंतीवर होता, मग प्रवासभर गाडीत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. या भागात जाणार असाल तर मोबाइलवर खुणा करायला बसण्याआधी असा नकाशा घ्या.

अल्सासचा वाइन रस्ता, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या गावांतून जाणारा रस्ता, १९५३ साली सुरू झाला. उत्तरेला मार्लेनहाइम, दक्षिणेला तान, मध्ये साधारण १७० किलोमीटर. आकडा ऐकला की वाटतं, दोन दिवसांत होईल. मोबाइलवर तर आणखीच, कारण तिथे बोटाने चित्र लहानमोठं होतं आणि अंतराचा अंदाजच राहत नाही. गाव दिसलं की खूण, गाव दिसलं की खूण. कागदावर एक सेंटीमीटर म्हणजे कायम दीड किलोमीटर. कायझर्सबर्ग, रिकवीर, उनावीर, रिबोविले, बेर्गहाइम ही पाचही गावं माझ्या चार बोटांच्या रुंदीत बसली. तेव्हाच ठरवलं की १७० किलोमीटर पुरे करायचे नाहीत. जवळच्या कोल्मार शहरात एकाच ठिकाणी मुक्काम करायचा आणि ही चार बोटं नीट बघायची.

त्या चार बोटांत किती काय आहे! रिकवीरचा डोल्डर बुरूज १२९१ सालचा. वेशीबाहेरून पाहिलात तर नुसता करडा दगड, आत शिरून मागे वळलात तर तोच बुरूज लाकडी चौकटींच्या घरासारखा दिसतो. बेर्गहाइमचा तट चौदाव्या शतकातला आणि जवळजवळ अखंड. त्याच्या कडेने गावाला पूर्ण फेरी मारता येते. उनावीरला तट चर्चलाच आहे, द्राक्षमळ्यांच्या मधोमध. आणि रिकवीर-कायझर्सबर्गच्या मध्ये मिटेलवीर आणि बेनवीर. नकाशावर त्यांची नावं शेजाऱ्यांच्याच अक्षरांत छापलेली आहेत, पण १९४४-४५च्या हिवाळ्यात कोल्मारच्या लढाईत ही दोन्ही गावं उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा उभी राहिली. लोक तिथून गाडी न थांबवता पुढे जातात. कृपया थांबा. रिकवीर युद्धातून वाचलं म्हणजे नेमकं काय वाचलं, ते बेनवीरच्या रस्त्यावर उभं राहिल्यावरच कळतं.

वाइनच्या बाबतीत नकाशा अपुरा आहे. अल्सासमध्ये ५१ ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे मळे आहेत आणि त्यांतला एकही त्यावर छापलेला नाही. मी ते पेन्सिलीने भरले. सगळ्या तयारीत याच कामाने मला सर्वांत जास्त दिलं. कायझर्सबर्गजवळचा श्लोसबर्ग, १९७५ साली मान्यता मिळालेला पहिला ग्राँ क्रू, ग्रॅनाइटच्या उतारावर आहे. रिकवीरच्या तटाला लागून वर चढणाऱ्या शोएननबुर्गची जमीन चिकणमाती, चुना आणि जिप्समची. बेर्गहाइमचा आल्टेनबर्ग चुनखडीचा. तिन्ही ठिकाणी रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष होतं. नकाशावर पाच-सहा सेंटीमीटरच्या आत तीन वेगळ्या जमिनी, एकच द्राक्ष, आणि चव खरोखर वेगळी! म्हणून वाइनरी निवडताना आम्ही नावाच्या प्रसिद्धीकडे पाहिलं नाही. प्रत्येक जमिनीची एक, एवढंच धोरण ठेवलं.

नकाशावरच्या डोंगराच्या छायेतून आणखी एक गोष्ट उलगडते. पश्चिमेचे ढग वोझ पर्वतावर रिकामे होतात आणि त्याच्या पूर्व पायथ्याची ही अरुंद पट्टी कोरडी राहते. कोल्मार फ्रान्समधल्या कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे ते यामुळेच. मळे डोंगर आणि मैदान यांच्या सीमेवरच का चिकटलेत, हे मोबाइलच्या पडद्यावर मला कधी दिसलं नव्हतं.

रस्त्यांचं म्हणाल तर मोबाइल तुम्हाला सारखा मैदानातल्या ए-३५ महामार्गाकडे ओढतो. रस्ता मोठा आहे, टोल नाही आणि बघायला काही नाही. नकाशात निसर्गरम्य रस्त्यांना हिरवी कड आहे, आम्ही ती धरून गेलो. शेवटच्या वळणांसाठी मोबाइल लावायचा, दिवसाचा मार्ग कागदावर ठरवायचा, ही जोडी छान जमली.

नकाशा जे सांगत नाही ते वेगळं लिहून ठेवा. रिकवीरला गाडी वेशीबाहेरच्या पैसे भरायच्या पार्किंगमध्ये ठेवून आत चालतच जायचं असतं. छोट्या वाइनरी दुपारी बारा ते दोन सहसा बंद असतात आणि रविवारचा भरवसा धरू नये. आधी फोन करून गेलात तर बहुधा घरातलंच कुणीतरी टेबलाशी बसून मनापासून सांगतं. तिथून एक-दोन बाटल्या घेणं हे साधं सौजन्य आहे.

गाडी चालवणाऱ्याने मात्र प्यायची नाही. फ्रान्समध्ये मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम आहे, आणि चार ठिकाणी घोट-घोट घेतल्यावर आपण त्या मर्यादेच्या आत आहोत की बाहेर याचा हिशेब कुणालाच लागत नाही. प्रत्येक टेबलावर थुंकायला भांडं असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आम्ही सकाळीच, नकाशा उघडताना, आजचा चालक ठरवायचो.

कागद टिकाऊ आहे, पण घड्यांच्या कोपऱ्यांवर विरतो. मी मागून चिकटपट्टी लावली. गाडीत पूर्ण उलगडायला जागा नसते, म्हणून त्या दिवसाचा चौकोन वर येईल अशी घडी घालून ठेवावी. नवी आवृत्तीच घ्या, रस्त्यांचे क्रमांक बदलत राहतात.

डिसेंबरच्या नाताळ बाजारांत जाणार असाल तर गाडीचा हा बेत सोडून द्या, रिकवीर-कायझर्सबर्गला पार्किंगसाठीच दिवस जाईल. आणि कुठल्याही मोसमात टुर्कहाइमला गाडी नको. कोल्मारहून रेल्वे थेट त्या गावाच्या वेशीसमोर उतरवते. गावाला तीन वेशी आहेत. त्यांतल्या ब्रँड वेशीचं नाव वरच्या टेकडीवरच्या ग्राँ क्रूचंच, आणि त्या दुपारी चालकालाही ग्लास हातात धरता येतो.