गुडघे बरे करणारी पुडी आणि रक्तात चढलेली साखर

वर्षानुवर्षं कुरकुरणारे गुडघे पुडी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत जिना चढू लागले, की लोक देणाऱ्याचे पाय धरतात. खरं तर शंका यायला हवी ती तिथेच. जडीबुटीने सूज इतक्या झटपट उतरत नाही, स्टेरॉइडने उतरते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी कुटून चूर्णात मिसळली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पुडीवर ना घटकांची यादी, ना परवाना क्रमांक, ना बॅच नंबर. बिल मागितलं, की ‘आमचं सगळं विश्वासावर चालतं’.

पुढे भूक खवळते, झोप उडते, गाल वर येतात. घरचे खूश, तब्येत सुधारली म्हणून! मग स्टेरॉइडने चढलेली साखर कधीतरी तपासणीत निघते आणि ‘वय झालं, लागला डायबेटिस’ म्हणून गोळ्या सुरू होतात. पुडीचा विषय निघतच नाही, कारण रुग्णाच्या लेखी ते औषधच नसतं. म्हणून ‘दुसरं काही घेता का?’ एवढं विचारून भागत नाही. पुडी, काढा, शेजारणीने दिलेली गोळी असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं.

खुणा आकड्यांतही दिसतात. भेसळ प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडची असेल आणि पुडी सकाळी घेतली जात असेल, तर उपाशीपोटी साखर ११० आणि दुपारच्या जेवणानंतर २८० अशी विजोड जोडी येते. फक्त उपाशीपोटी तपासणारा इथे हमखास फसतो. डेक्सामेथासोनचा अंमल दीड दिवसाहून जास्त टिकतो, त्यामुळे त्यात सकाळचा आकडाही चढतो. जोडीला पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, हात न टेकता खुर्चीतून उठता न येणं. अशा वेळी सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासावं. चेहरा स्टेरॉइडचा आणि कॉर्टिसॉल तळाला, तर स्टेरॉइड बाहेरून येतंय हे जवळपास पक्कं. मात्र प्रेडनिसोलोन काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं, तेव्हा आकडा ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. चीड येऊन पुडी एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड आयतं मिळत गेल्याने कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी झोपलेल्या असतात. अचानक तोडलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. डॉक्टर मोजून-मापून हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन देतात आणि ते आठवडे-महिने घेऊन हळूहळू उतरवतात. या काळात ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर डोस वाढवावा लागतो. इन्सुलिन चालू असेल तर स्टेरॉइड उतरेल तसं तेही कमी करायचं, नाहीतर साखर उलट घसरते. पुष्कळांची साखर पुढे पूर्ववत होते. ज्यांच्यात मधुमेहाची प्रवृत्ती आधीच होती, त्यांची राहतेही.

उरलेल्या पुड्या फेकू नका. काही डॉक्टरांना दाखवा, काही न उघडता अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रारीसोबत द्या आणि तक्रारीची पोच घ्या.