हरणाचे चित्र आणि पिशवीमागचा टॅग: चाऱ्याच्या बियाणे-मिश्रणाचा दोन हंगामांचा अनुभव

विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्येला, डोंगरउतारावर आमची सात एकर जमीन आहे. तिच्यातला जंगलाला लागून असलेला अर्धा एकर आम्ही पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या चाऱ्यासाठी राखला आहे. इथे अशा तुकड्याला ‘फूड प्लॉट’ म्हणतात. बहुतेक लोक तो शिकारीसाठी लावतात. आम्ही शिकार करत नाही, पण उन्हाळ्यात पाडसांना पाजणाऱ्या माद्यांना सकस हिरवा चारा मिळावा, अशी मनापासून इच्छा होती. त्यासाठी पहिल्या वर्षी एका मोठ्या दुकानातून तयार मिश्रणाची पाच पौंडांची पिशवी 38 डॉलरना आणली. पिशवीवर भरदार शिंगांच्या नराचे चित्र होते आणि ‘अर्ध्या एकराला पुरेसे’ असे ठळक लिहिले होते.

मे महिन्यात पेरणी केली. आठवड्याभरात शेत हिरवे झाले आणि आम्ही आनंदलो, परंतु जुलैत नीट पाहिले तेव्हा ते सगळे राय ग्रास नावाचे गवत निघाले. हरणे त्याला तोंड लावून पुढे जात होती, आणि ज्या क्लोव्हरसाठी (मेथीघासासारखा शेंगवर्गीय पालेदार चारा) पैसे मोजले ते गवताच्या बुडाशी, सावलीत, पिवळे पडून राहिले होते. तेव्हा कुठे पिशवीच्या मागे शिवलेला टॅग मी वाचला. बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी, हे आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेले. तरीही पेरण्याआधी तो टॅग वाचला नाही, याची खंत आजही वाटते.

अमेरिकेत 1939 च्या संघीय बियाणे कायद्याने आणि राज्यांच्या कायद्यांनी टॅगवर प्रत्येक बियाण्याचे वजनी प्रमाण आणि उगवणक्षमता छापणे बंधनकारक आहे. आमच्या टॅगवर राय ग्रास 40 टक्के, पांढरे क्लोव्हर 18 टक्के, चिकोरी ही पालेदार चारावनस्पती 6 टक्के आणि बी नसलेला निष्क्रिय पदार्थ 34 टक्के, असे आकडे होते. हा निष्क्रिय पदार्थ म्हणजे मुख्यतः बियाण्यावर चढवलेला लेप. लेप वाईट नव्हे, कारण त्यातच बहुधा क्लोव्हरच्या मुळांवर गाठी धरण्यासाठी लागणारे रायझोबियम जिवाणू असतात. मात्र वजन त्याचेही धरले जाते. हिशेब केला तर पाच पौंडांत क्लोव्हर जेमतेम 0.9 पौंड भरते. नुसते क्लोव्हर पेरायचे तर एकरी सुमारे 8 पौंड, म्हणजे अर्ध्या एकराला 4 पौंड लागते. टॅगवर खोटे काहीच नव्हते, पण स्वस्त आणि झटपट उगवणाऱ्या गवताने पिशवी भरली होती.

पुढच्या पेरणीची तयारी मातीपासून केली. नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप) 5.4 निघाला. क्लोव्हरला तो 6 ते 7 च्या दरम्यान हवा असतो, त्यामुळे महागडे बी टाकूनही पहिल्या वर्षी फारसा उपयोग झाला नसता, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ऑगस्टमध्ये राय ग्रास मोडून टाकले, एक टन दळलेली चुनखडी मिसळली आणि वर ओट पेरले. गावच्या शेतकरी सहकारी दुकानातून चार पौंड शुद्ध पांढरे क्लोव्हर 24 डॉलरना घेतले आणि जिवाणू संवर्धकाची छोटी पुडी वेगळी आणली. तिथल्या बाईंनी कोणत्या गोणीतले बी ताजे आहे हे टॅगवरची चाचणीची तारीख दाखवून सांगितले. मार्चमध्ये, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते त्या दिवसांत, ते बी नुसते फोकून दिले. गोठण्या-वितळण्याने पडणाऱ्या बारीक भेगांत ते आपोआप जाते.

शेतात मधोमध चार फूट व्यासाचे तारेच्या जाळीचे एक कडे उभे केले आहे. जुलैत कड्याच्या आत क्लोव्हर गुडघ्याला टेकत होते आणि बाहेर दोन बोटे उंचीचे होते. हरणे किती खातात हे त्यावरूनच कळते. खाल्लेली पाने हातात घेऊन पाहिली. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ ओढून तोडल्यासारखा, चिरफळलेला दिसतो; सशाने खाल्लेला देठ मात्र सुरीने कापल्यासारखा तिरपा असतो. आमच्याकडे दहापैकी आठ देठ चिरफळलेले होते. तण बी धरण्याआधी वरच्यावर कापणी करतो, पण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत यंत्र लावत नाही, कारण त्या दिवसांत पाडसे गवतात दडून बसतात आणि यंत्र अगदी जवळ आले तरी उठत नाहीत.

पहिल्या मोठ्या दुकानात हरणांपुढे ओतायच्या मक्याच्या पोत्यांनाही तशीच हरणांची चित्रे असतात. ती घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या राज्यात हरणांचा जीवघेणा सीडब्ल्यूडी हा रोग 2002 मध्ये आढळला. एका ढिगाऱ्यावर अनेक तोंडे लागली की तो लाळेतून पसरण्याचा धोका वाढतो, शिवाय हिवाळ्यात अचानक भरपूर मका खाल्ल्याने हरणांच्या पोटात आम्ल वाढून ती दगावतात. रोगग्रस्त भागांत असा चारा टाकायला बंदी आहे. पेरलेल्या शेताला नाही.

त्या तयार मिश्रणाला मी पाचपैकी दोन तारे देतो, आणि तेही उगवण चांगली होती म्हणून. सहकारी दुकानाला पाच. येत्या ऑगस्टमध्ये शेजारच्या पाव एकरात सलगम आणि ओट लावणार आहे. कडक थंडी पडली की सलगमची पाने गोड होतात आणि क्लोव्हर बर्फाखाली गेल्यावर हरणे तिकडे वळतात, असे शेजारी सांगतात. बी घेऊन ठेवले आहे, टॅग वाचूनच.