ओआरएसची पुडी: आतलं औषध चोख, बाहेरची सूचना अपुरी

लहान मुलांच्या जुलाबांवर ओआरएसइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. लिटरभर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं, एकूण २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं हे सूत्र. ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आतड्यातून शोषलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणीही. औषधाला पैकीच्या पैकी गुण. गुण कापायचे ते पुडीला, कारण हे औषध घरात बनवावं लागतं आणि ते बनवणाऱ्याला पुडी पुरेसं सांगत नाही.

सगळ्यात मोठी अडचण दोन मापांची. लहान पुडी सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, २०० मिलीसाठी. मोठी २०-२२ ग्रॅमची, लिटरसाठी. रंग, नाव, चित्र बहुधा तेच. लहान पुडीवरून 'एक पुडी, एक पेला' हे डोक्यात बसतं आणि पुढच्या खेपेला मोठी पुडीही पेल्यातच पडते. द्रावण पाचपट कडक होतं. असं द्रावण शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढतं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, मूल चिडचिडं होतं, झटकेही येऊ शकतात. याउलट लहान पुडी तांब्याभर पाण्यात गेली तर मीठच कमी पडतं. त्यात घरातला पेला दीडशे मिलीचाही असतो आणि तीनशेचाही. बारीक अक्षरातलं 'मिली' वाचता आलं तरी ते मोजायचं कशात?

सोपा उपाय म्हणजे बाजारात मिळणारी एक लिटर पाण्याची बाटली. ती स्वच्छ धुवा, उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरून पातेल्यात ओता आणि मोठी पुडी पूर्ण रिकामी करून ढवळा. कोल्ड्रिंकची बाटली मापाला नको, ती पाऊण लिटरची असते किंवा सव्वादोनची. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवणं हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण पूड सारखी मिसळलेली नसते आणि उघडी राहिली की ओल धरते. सगळी पुडी एकदम कालवा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. तयार द्रावण उकळायचं नाही. दूध, सरबत किंवा वरून साखर त्यात घालायची नाही.

किती पाजायचं हेही पुडीवर नीट सापडत नाही. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, तेही चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं.

पुडीवर ठळक हवं असलेलं वाक्य मात्र दिसतच नाही: याने जुलाब थांबत नाहीत, अंगातलं पाणी भरून निघतं. हे ठाऊक नसल्यानं संध्याकाळपर्यंत 'गुण येत नाही' म्हणून ओआरएस बंद होतं आणि गरज नसताना सलाईनचा आग्रह सुरू होतो. दुसरीकडे डोळे खोल गेलेत, लघवी होत नाही, मूल मलूल आहे, पाणी पिईना किंवा शौचात रक्त आहे, अशा वेळी दवाखाना लगेच गाठायचा हे कळायला उशीर होतो.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तत्त्व हजारो कॉलराग्रस्तांवर वापरलं. तिथे द्रावण पिंपात तयार असायचं, नातेवाइकांनी ते फक्त पाजायचं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी हे करून दाखवलं, कारण मोजमापाचं ओझं त्यांच्यावर नव्हतं. म्हणून आशाताईंनी किंवा केमिस्टनं पुडी देताना 'समजलं ना?' असं विचारून भागत नाही. लाजेखातर सगळेच 'हो' म्हणतात. 'घरी कशात कालवाल, दाखवा बरं' म्हटलं की चूक तिथल्या तिथे सापडते.

दुकानात मागताना आणखी एक सांभाळा. ओआरएसच्या नावानं विकली जाणारी खोक्यातली गोड पेयं हे औषध नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि 'लिटर'चं माप बघूनच घ्या. सरकारी उपकेंद्रात ती फुकट मिळते. सोबत झिंकच्या गोळ्याही मागून घ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या.