बर्फाच्या जाडीचा चार आठवड्यांचा अंदाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

आर्क्टिकमधील समुद्री बर्फाच्या जाडीचा चार आठवडे आधी अंदाज देणारी एक सशुल्क सेवा आमचा विभाग रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या उत्तर सागरी मार्गावरील जहाजांच्या नियोजनासाठी कित्येक महिने वापरत आहे. नूतनीकरणाचे बिल आणि एका जुन्या तक्रारीला मिळालेले उत्तर एकाच आठवड्यात हाती पडले, म्हणून हे लिहीत आहे.

तक्रार अशी की, नकाशावर दिसणारी जाडी ही प्रत्यक्ष बर्फाची नसून मोकळे पाणी धरून काढलेली संपूर्ण चौकटीची (नकाशा ज्या लहान चौकोनांत विभागलेला असतो त्यांपैकी एकाची) सरासरी आहे. या मार्गावरील विल्किट्स्की सामुद्रधुनीजवळ नकाशा ६० सेंटीमीटर दाखवत असेल आणि निम्मी चौकट पाण्याची असेल, तर जहाजापुढे येणारा बर्फ सरासरी १२० सेंटीमीटरचा असतो. आणि पीसी ७ या, ध्रुवीय जहाजांच्या सर्वांत हलक्या वर्गाचे जहाज तर ३० ते ७० सेंटीमीटरच्या पातळ बर्फापुरतेच बांधलेले असते! यावर ‘तळटीप पाहावी’ असे उत्तर आले. भागाकार मी स्वतः केला असता, पण त्यासाठी लागणारी बर्फाच्छादनाची टक्केवारी वेगळ्या वर्गणीत मिळते. आजची टक्केवारी उपग्रहांवरून फुकट मिळते हे खरे, परंतु महिन्यानंतरच्या जाडीला आजच्या टक्केवारीने भागण्यात काय अर्थ आहे?

एरवी सेवेबद्दलचे माझे मत बरेच सुधारले आहे. वाऱ्याचा अंदाज दहा दिवसांपलीकडे डळमळतो, तेव्हा जाडीचा काय टिकणार, अशी मला शंका होती. प्रत्यक्षात बर्फाची कड वाऱ्यासरशी सरकते, जाडी मात्र सावकाश बदलते, त्यामुळे किनाऱ्यापासून दूर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे आकडेही उपयोगी पडले. किनाऱ्यालगत वारा बर्फ एकावर एक रचतो, तेथे ते कामाचे नाहीत.

उन्हाळ्याचे पैसे मात्र मला जड वाटतात. क्रायोसॅट-२ हा २०१० पासूनचा उपग्रह रडारने बर्फाचा पाण्यावरचा भाग मोजतो. तो एकूण जाडीच्या सुमारे एक दशांश असल्याने सेंटीमीटरची चूक दहा सेंटीमीटरची होते. मे ते सप्टेंबर बर्फावर साचलेले पाणी रडारला चकवते, आणि ही सेवा त्या काळात केवळ संगणकीय प्रारूपाच्या (मॉडेलच्या) भरवशावर चालते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये या मार्गाच्या पूर्वेकडील समुद्र लवकर गोठून वीसएक जहाजे अडकली होती. खरी गरज त्या दिवसांतली आहे. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच वर्गणीची, बर्फाच्छादनाच्या टक्केवारीसह, मागणी कळवली आहे. त्यावर सवलतीऐवजी पुन्हा तळटीप आली, तर नूतनीकरण होणार नाही.